वाळूतला चर

गुरम्माचे डोळे पिवळे झालेत हे नीलम्माच्या ध्यानात आलं ते तिची वेणी घालताना. उन्हं नुकतीच अंगणात उतरली होती. सून पुढ्यात बसली होती, आठवा महिना लागलेला, पोटावर दोन्ही हात ठेवून. भांग सरळ पडलाय का बघायला नीलम्मानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि तिच्या हातातली फणी तशीच राहिली. बुबुळांभोवतीचं पांढरं हळदीत बुचकळून काढल्यासारखं दिसत होतं.

"काय झालं अत्या?"

"काय न्हाई. वर बघ जरा."

गुरम्मानं वर बघितलं. उन्हात तो पिवळेपणा आणखीच उठून दिसला. गेला आठवडाभर पोरीला भाकरी नको वाटत होती, फोडणीचा वास आला तरी मळमळायचं. आठव्यात असं होतं का, असं नीलम्माला वाटून गेलं होतं. पण पहिलटकरीण आहे, वर उन्हाळा असला कडक, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. उलट दर थोड्या वेळानं तांब्या भरून तिच्या हातात द्यायची. "पाणी पी बाळा. आपलं पाणी औषधावानी हाय."

आणि पाण्याबद्दल ती खोटं बोलत नव्हती. निदान तिला तसं माहीत होतं.

कानडबोरी हे गाव मांजरा नदीच्या काठाला, निलंग्याच्या पुढं, जिथं बाजाराला गेलं की निम्मी माणसं कानडी बोलतात अशा ठिकाणी. गावाला पाण्याचा मोठा आधार म्हणजे नदीकाठची विहीर. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर ती खणली. नीलम्मा तेव्हा तरणी होती, लहानग्या लेकाला, मलप्पाला, सासूपाशी ठेवून तिनंही तिथं टोपलं वाहिलं होतं. विहीर नदीच्या पात्रापासून चांगली लांब, काठावरच्या वाळूत घेतली, तेव्हा बाया कुरकुरल्या होत्या, की नदी तिकडं आणि हीर हिकडं का? कामावरच्या इंजिनिअरनं हसून सांगितलं होतं, "बाई, पाण्याला वाळूतून चालत येऊ द्या. जेवढं हळू चालंल तेवढी घाण मागं ऱ्हाईल." झालंही तसंच. पावसाळ्यात मांजरा गढूळ होऊन दोन्ही काठ भरून वाहायची, तरी विहिरीत तळाचा खडक दिसायचा. पाहुणेराऊळे जाताना कळशी भरून न्यायचे. पोरींच्या सोयरिकी जुळवतानाही कानडबोरीचे लोक जमिनीच्या आधी पाण्याचं सांगायचे.

नीलम्माचा नवरा धोंडप्पा गावचा सरपंच. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला त्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले होते, उस्मानाबादच्या खेपा सुटल्या म्हणून. त्यालाही आता चौथं वर्ष लागलं होतं. लातुरात कचेऱ्या, क्वार्टरं, शाळा असं सगळं एकदमच उभं राहत होतं, आणि त्याला लागणारी वाळू जात होती मांजरेतून. गुरम्माच्या नवऱ्यानं, मलप्पानं, ट्रॅक्टर घेतला होता. तोही वाळूच्या खेपा करायचा. वाळू भरणारे मजूर, बायकापोरांसकट, पात्रातल्या डोहाच्या काठी पाल ठोकून राहत. अंघोळ, धुणं, परसाकडं, सगळं त्या डोहाच्या आसऱ्यानं.

त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. नदी आटून तो एक डोह तेवढा उरला. होळीनंतर विहिरीनंही तळ दाखवला. बाया रहाटाला रिकामी बादली वर येताना बघायच्या आणि एकमेकींकडं न बघता घरी जायच्या. तेव्हा धोंडप्पानं एक काम केलं. वाळूवाल्या मजुरांना लावून त्यानं डोहापासून विहिरीपर्यंत सरळ चर खणून घेतला, वाळू बाजूला काढून चरात मोठाले गोटे भरले आणि विहिरीच्या भिंतीचे खालचे दोन दगड काढून चराचं तोंड आत सोडलं. सकाळी बघतात तर विहिरीत पुरुषभर पाणी. आणि पाणीही नितळ! डोह संथ होता, त्याचा गाळ कधीच खाली बसलेला. वरचं पाणी काचेसारखं. लोकांनी धोंडप्पाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. नीलम्मानं विहिरीवर नारळ फोडला आणि पहिली बादली घरी आणून सुनेला पाजली.

पुढं थोड्याच दिवसांत गुरम्माचे वडील संगप्पा उमरीहून लेकीला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रीतच. गुरम्मानं आदल्या दिवशीच पत्र्याची ट्रंक भरून ठेवली होती. पण बोलता बोलता संगप्पांच्या तोंडून निघून गेलं, की उमरीत विहिरी आटल्यात, टँकर येतो, त्याचं पाणी गढूळ असतं, फडक्यानं गाळावं लागतं. नीलम्मानं तेवढंच धरलं.

"मग कशाला नेता तिला पावणं? बाळंतिणीला पाणी किती लागतंय! हितं सोन्यासारखं पाणी हाय. पाऊस पडू द्या, मंग न्या लेकीला आन नातवाला, दोघांना बी."

संगप्पांना ते पटलं, की विहीणबाईचा शब्द मोडवला नाही, कोण जाणे. दाराआड उभी असलेली गुरम्मा आत वळली. तिनं ट्रंक उचलून परत माळवदाखालच्या फळीवर ठेवली. संगप्पा जाताना कळशीभर पाणीही घेऊन गेले नाहीत, एस.टी.त सांडेल म्हणाले.

आता हे डोळे.

नीलम्मानं वेणी पुरी केली. मग ती शेजारी पंचफुलाबाईकडं गेली, कावीळ कोण उतरवतो विचारायला. पंचफुलाबाई चुलीपुढं बसून रडत होती. तिचा नवरा आत अंथरुणावर, अंग पिवळंधमक. "कालपास्नं लघवी बी हळदीवानी हून राहिली त्यांची," ती म्हणाली. नीलम्मा तिथून पुढच्या गल्लीत गेली. तिथं नागाबाईची थोरली सून, तीही पोटुशी, भिंतीला टेकून बसलेली. तिचेही डोळे तसेच. हे आपल्या एका घरचंच दुखणं, असं नीलम्मा धरून चालली होती. हे तर घराघरांत शिरलं होतं, आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं.

निलंग्याच्या वाटेवर एक जण चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवायचा. गुरम्माला बैलगाडीतून तिकडं नेलं. पाणी पिवळं झालं, त्यानं मंत्र म्हटला, उसाचा रस द्यायला सांगितलं. गुरम्मा घरी आली ती झोपलीच. सारखी झोपायची. हलवून उठवलं तर ओळखीचं हसायची आणि परत डोळे मिटायची. मग एका दुपारी ती कानडीत बोलायला लागली. लहानपणी आजीकडं राहिली होती तेव्हाची कानडी. आईला हाक मारत होती, ट्रंक कुठं ठेवली म्हणून विचारत होती.

"अव्वा, हिला लातूरला न्यायाचं. आत्ताच्या आत्ता," मलप्पा आईला म्हणाला. त्यानं वाळूनं भरलेली ट्रॉली तिथंच सोडवली, रिकामी दुसरी जोडली, तिच्यात कडबा अंथरला, वर गोधड्या. नीलम्मा सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धोंडप्पा मागं उभा, ट्रॉलीच्या फळीला धरून. सगळ्या रस्त्यानं समोरून रिकामे ट्रक येत होते, नदीकडं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिचा चेहरा जागरणानं ओढलेला होता. तिनं गुरम्माचे डोळे उघडून पाहिले, पोटाला हात लावला आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. मग नीलम्माकडं वळली.

"कुठलं गाव?"

"कानडबोरी."

डॉक्टरीणबाई थांबली. "परत कानडबोरी? आजी, तुमच्या गावचे किती लोक इथं पडलेत माहीत आहे? आणि गरोदर बाई ही तिसरी."

नीलम्मानं मनात मोजलं. तिला दोनच माहीत होत्या.

"पाणी कुठलं पिता?"

"आमचं पाणी चांगलं हाय बाई," नीलम्मा घाईनं म्हणाली. "हिरीचं हाय. वाळूतनं येतंय. सगळा मुलूख वाखाणतो."

"हा रोग पाण्यातूनच येतो. आज पोटात गेला तर महिना-दीड महिना गप्प बसतो, मग डोळ्यांत दिसतो. बाकीच्यांना हळूहळू बरं वाटेल. पण गरोदर बाईला ही कावीळ सोसत नाही." तिनं आवाज खाली आणला. "आठवून सांगा. होळीनंतर तुमच्या विहिरीत काही बदल झाला?"

"बदल?" नीलम्मा म्हणाली. "पाणी वाढलं. लई वाढलं."

"दुष्काळात?"

नीलम्मानं नवऱ्याकडं बघितलं. धोंडप्पा खिडकीपाशी उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं होतं. त्यानं खिडकीचा गज घट्ट धरला.

"चर खणला म्या," तो म्हणाला. "डोहापास्नं."

डॉक्टरीणबाईनं लिहायचं थांबवलं. ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं नीलम्माला पुढं कितीदा वाटलं. ती फक्त म्हणाली, "गावात निरोप धाडा. ते पाणी कुणी प्यायचं नाही. उकळल्याशिवाय एक थेंब नाही."

गुरम्माला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी, पण रडली. नर्सनं ती कापसात गुंडाळून नेली. गुरम्माला शुद्ध नव्हती. रक्त थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्डात जेवणाच्या ताटांचा आवाज चालू असताना, ती गेली. नीलम्मा तिचे पाय चोळत होती. पाय गार पडले तरी ती चोळतच होती, मलप्पानं हात धरून थांबवेपर्यंत.

उमरीला तार केली होती. लक्ष्मम्मा आणि संगप्पा नांदेडवरून एस.टी. धरून संध्याकाळच्या आत पोचले. लक्ष्मम्मा, गुरम्माची आई, उंच, हाडकुळी बाई. ती वॉर्डात आली, लेकीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. मग तिनं नीलम्माकडं मान वळवली.

"पाण्यानं झालं म्हणत्यात. खरं हाय का?"

नीलम्मानं होय म्हणून मान हलवली.

"आमी टँकरचं पाणी पिऊन राहिलो विहीणबाई. गढूळ. फडक्यानं गाळून." लक्ष्मम्माचा आवाज अगदी साधा होता, जणू बाजारभाव सांगते आहे. "आमी सगळे जिते हाव."

एवढंच ती बोलली. नीलम्माच्या कानात एकदम काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. समोर माणसं बोलत होती, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. ट्रंक उचलून फळीवर ठेवणारी गुरम्मा तेवढी तिला दिसत होती.

गुरम्माला शेताच्या बांधाला, घराण्याच्या जागेत, लिंगायतांच्या रीतीनं समाधी दिली. बसवून, मांडीवर हात, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. जंगमानं मंत्र म्हटले, लोकांनी मूठ मूठ माती लोटली. लक्ष्मम्मा माती लोटायच्या आधीच परत फिरली होती. लातूरला दवाखान्यात नात होती, तिच्यापाशी तिला जायचं होतं. नीलम्मानं "मी बी येते" म्हणायला तोंड उघडलं, पण लक्ष्मम्मानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जिल्हा परिषदेतून पाणीपुरवठ्याचे अमृतराव म्हणून साहेब आले. अंगात खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, बोलायला सौम्य. तोवर गावात दोन तट पडले होते. काहींनी पाणी उकळायला सुरुवात केली होती, पण जळण कुठून आणायचं? आणि बरेच जण म्हणत होते, कावीळ हवेतून येते, देवीच्या कोपानं येते, उन्हानं येते. भुजंग नावाचा एक शेतकरी, बोलायला फटकळ, विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहून विचारत होता, "सायेब, हे पाणी बघा. चांदीवानी हाय. ह्याच्यात रोग कुठं दिसतोय मला दाखवा."

"रोग मला पण दिसत नाही," अमृतराव म्हणाले. "पण पाणी कुठून येतं ते दाखवू शकतो."

त्यांनी पिशवीतून पुडी काढली. आत तांबूस भुकटी होती. "हा नुसता रंग आहे. यानं काही होत नाही. चला माझ्याबरोबर."

सगळा गाव डोहाकडं निघाला. धोंडप्पाही होता, मान खाली घालून. नीलम्मा बायांच्या घोळक्यात. डोहाच्या काठी मजुरांची पालं होती, चिंध्या वाळत होत्या, एक म्हैस पाण्यात बसली होती, आणि काठाला नाक धरावं अशी घाण होती. चराच्या तोंडाशी अमृतरावांनी ती भुकटी पाण्यात सोडली. तांबूस भुकटी पाण्याला लागली मात्र, तिचा झगझगीत हिरवा रंग झाला, पोपटाच्या पंखासारखा. तो रंग चराच्या गोट्यांत शिरला आणि दिसेनासा झाला.

"चला आता विहिरीवर," ते म्हणाले.

लोक गप्पा मारत, तंबाखू मळत परत निघाले. ऊन होतं, म्हातारी माणसं सावकाश चालत होती. कुणी म्हणालं, दोन-चार दिवस तरी लागतील. पुढं गेलेली पंचफुलाबाई विहिरीच्या काठावर वाकली आणि किंचाळली.

"यव्वा! यव्वा गं!"

सगळे धावले. नीलम्मानं काठावरून आत डोकावून बघितलं. भिंतीतल्या त्या दोन दगडांच्या जागेतून हिरवंगार पाणी भळभळत आत येत होतं. बघता बघता ते पसरलं. खालचा खडक हिरवा झाला, भिंती हिरव्या दिसू लागल्या, वाकलेल्या माणसांच्या तोंडावरही ती हिरवी छटा पडली. रहाटाची बादली मध्येच लोंबकळत होती.

म्हशीच्या अंगावरून आलेलं पाणी. पालांतून आलेलं. ते आपण तांब्यात ओतलं. तांब्या तिच्या हातात दिला. पी म्हणालो. नीलम्मा तिथंच, सगळ्यांसमोर ओकली.

अमृतरावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आधी हेच पाणी वाळूतून यायला आठवडे लागायचे. तेवढ्या वाटेत वाळू त्याला धुऊन काढायची. आता मध्ये वाळूच राहिली नाही. चर बुजवायला हवा, वाळूनंच, होता तसा. भिंतीचं भोक बंद करायला हवं. पालं तिथून हलवायची, डोहाच्या आसपास वाळू उपसायची नाही. वरच्या अंगाला, जिथं वाळू अजून शाबूत आहे, तिथं मी दुसरी विहीर मंजुरीला धरतो. तोवर टँकर पाठवतो."

"आन टँकर न्हाई आला तर?" भुजंग म्हणाला. त्याचाही रंग उडाला होता, पण आवाज तसाच होता. "चर बुजवला की हीर परत कोरडी. रोगानं दोन-चार मरतेत सायेब. तहानेनं सगळा गाव मरंल. जंतू मारायची पावडर टाका हिरीत, आन चर ऱ्हाऊ द्या."

नीलम्माला वाटलं लोक त्याच्यावर धावून जातील. कुणी गेलं नाही. पुष्कळ माना हळूच हलल्या. तिला हिरव्या पाण्याचा बसला नव्हता एवढा धक्का त्या माना बघून बसला. दोन-चार मरतात. त्यातली एक तिची होती, आणि नागाबाईची सून अजून दवाखान्यात होती. त्याच लोकांनी गुलाल उधळला होता.

तिनं धोंडप्पाकडं बघितलं. त्यानं काहीतरी बोलावं. सरपंच होता, आणि त्याच्या शब्दाला अजूनही वजन होतं. पण तो कट्ट्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि आपल्या हातांकडं बघत होता, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

नीलम्मानं तोंड पुसलं. चराच्या कडेला उपसलेल्या वाळूचा ढीग तसाच पडला होता. तिथं मजुरांचं एक टोपलं होतं. तिनं ते भरलं आणि चरात ओतलं. वाळू गोट्यांच्या फटीत कुठल्या कुठं गेली. तिनं परत भरलं.

"अगं अशानं काय हुतंय?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलंही. पंचफुलाबाई येऊन तिच्या शेजारी बसली आणि हातानं वाळू लोटू लागली. मग नागाबाई. बाकीच्या उभ्या होत्या. भुजंग येऊन चराच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"नीलम्माकाकू, बस करा. मी हे हू देणार न्हाई."

"सरक."

"न्हाई सरकणार."

तेवढ्यात गावाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मलप्पा होता. मागं ट्रॉली होती, त्या दिवशी लातूरला जायची म्हणून भरलेली आणि त्यानं अर्ध्यात सोडलेली. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता, बापाशी तर नाहीच. त्यानं ट्रॅक्टर वळवला, मागं घेतला, ट्रॉली चराच्या कडेला आणली. भुजंगाकडं त्यानं एकदाच बघितलं. भुजंग बाजूला झाला. मलप्पानं फळी सोडली आणि सगळी वाळू घसरत चरात गेली.

"आणखी आणतो," तो आईला म्हणाला.

मग धोंडप्पा उठला. फावडं घेतलं आणि चरात उतरून वाळू पसरू लागला. पुढं दिवसभर त्यानं मान वर केली नाही.

चर बुजला. भिंतीचं भोक गवंड्यानं सिमेंटनं बंद केलं. अमृतरावांच्या माणसांनी विहिरीतलं पाणी उपसून काढलं, पावडर टाकली. मग विहीर खरंच खाली गेली, आणि बायांना बादलीभर पाण्यासाठी ताटकळत बसावं लागलं. टँकर कधी यायचा, कधी नाही. कितीतरी लोकांनी धोंडप्पाच्या घरावरून जाताना शिव्या दिल्या. ज्यांनी चर खणला म्हणून खांद्यावर घेतलं होतं, तेच आता चर बुजवला म्हणून बोलत होते. नागाबाईची सून वाचली. तिचं पोर पोटातच गेलं.

एकदा दुपारी धोंडप्पा जेवता जेवता थांबला.

"चर म्या खणला," तो म्हणाला.

"आन तिला ठिवून म्या घेतलं," नीलम्मा म्हणाली.

धोंडप्पानं सरपंचकी सोडली.

मृगानं दडी मारली, पण पुढं आषाढात पाऊस झाला. मांजरेला पाणी आलं, दुसरी विहीर वरच्या अंगाला झाली, गावानं तिथली वाळू उपसायला बंदी केली आणि भुजंगच ती बंदी राखायला रात्रंदिवस भांडू लागला. त्याच्या घरातही त्या उन्हाळ्यात दोघं पिवळे झाले होते.

लक्ष्मम्मानं नातीला दवाखान्यातूनच उमरीला नेलं होतं. दिवाळी सरल्यावर मलप्पा म्हणाला, "अव्वा, पोरीला बघाया चाल." नीलम्माचा पाय उचलत नव्हता. तरी गेली.

उमरीत लक्ष्मम्माचं घर बाजाराच्या मागं होतं. दार उघडून लक्ष्मम्मानं जावयाला बघितलं, मग मागं उभ्या नीलम्माला. थोडा वेळ ती उंबऱ्यातच थांबली. नीलम्मानं ठरवलं होतं, की बाहेरूनच परत जायचं, पोरीला मलप्पा बघेल.

"या," लक्ष्मम्मा म्हणाली.

पोर अंगणात गोधडीवर पालथी पडली होती, मान उचलून इकडंतिकडं बघत होती. जिवाला बारीक, पण डोळे टकाटका. डोळ्यांतलं पांढरं पांढरंशुभ्र. नीलम्मा ते बघतच राहिली. तिला खाली वाकवेना, हात पुढं करवेना.

लक्ष्मम्मानं पोरीला उचललं आणि नीलम्माच्या हातात दिलं. अनोळखी वास येताच पोरीनं ओठ काढला, मग मोठ्यानं भोकाड पसरलं, अंग ताठ करून मागं झुकली. नीलम्मा गडबडली.

"घ्या वो हिला. रडायली."

"रडू द्या," लक्ष्मम्मा म्हणाली. "म्या काय इसरले न्हाई विहीणबाई. इसरणार बी न्हाई. पण तिला वळख व्हाया पायजे तुमची." आणि ती भाकरी टाकायला आत निघून गेली.

मलप्पा दारापाशी उभा राहून बघत होता. नीलम्मा पोरीला खांद्याशी धरून अंगणात येरझारा घालू लागली. पोर रडतच होती, मुठीत तिचं लुगडं घट्ट धरून.